मगन चूल ते उज्ज्वला : निर्धूर स्वयंपाकघराचा शोध आणि ग्रामीण महाराष्ट्र

प्रस्तावना

ग्रामीण भारताच्या आर्थिक इतिहासात जमीन, शेतसारा, पाटबंधारे, सावकारी आणि बाजारपेठ यांवर विपुल लेखन झाले आहे. चुलीच्या वाट्याला मात्र स्वतंत्र प्रकरण क्वचितच आले. याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. चूल घराच्या आतल्या खोलीत होती. ती घालणारे हात आणि तिच्यापुढे पाणावणारे डोळे स्त्रियांचे होते. आणि तिच्यात जळणारे सरपण बाजारातून न येता बांधावरून, रानातून व गोठ्यातून येत असल्यामुळे कोणत्याही खातेवहीत त्याची नोंद होत नव्हती. शासनदरबारी चुलीची दखल घेतली गेली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तीसुद्धा 'सुधारणा' करण्याची वस्तू म्हणून.

प्रस्तुत लेखात सुधारित चुलीच्या सुमारे ऐंशी वर्षांच्या प्रयत्नांचा, मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात, आढावा घेतला आहे. या चुलींमुळे ग्रामीण समाजाचा लाभ झाला असे सरकारी अहवालांत वारंवार म्हटले गेले. तो लाभ कोणाच्या मापाने मोजला, हा येथील मुख्य प्रश्न आहे. हे माप दर पिढीत बदलत गेले. प्रारंभी ते आरोग्य आणि स्वच्छता असे होते, पुढे ते जंगल झाले, मग पुन्हा रोग आणि अलीकडे वातावरण. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे माप या सर्वांच्या आधीपासून अस्तित्वात होते. सरपण किती लागते, भाकरी नीट भाजते का, भांडी व भिंती किती काळ्या होतात, एका वेळी दोन पदार्थ होतात का, आणि चूल बिघडली तर ती दुरुस्त कोण करणार, हे ते माप होय. ज्या प्रयत्नांनी या मापाकडे लक्ष दिले ते काही काळ तरी टिकले. इतरांची केवळ संख्या उरली.

जुनी चूल

सुधारणेचा इतिहास सांगताना मूळ वस्तूला सरसकट अडाणी ठरवण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रातील मातीची चूल तितकी अडाणी नव्हती. तिची रचना तीन बाजूंनी बंद व समोरून उघडी असे. शेजारी वैल असे आणि मुख्य चुलीतील उरलेला जाळ आतल्या भोकातून वैलावरच्या भांड्याखाली जाई. म्हणजे एका जाळावर दोन भांडी ठेवण्याचे तत्त्व, जे पुढे सुधारित चुलीचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले, ते गृहिणीला ठाऊक होतेच. या चुलीला कोणतेही जळण चालत असे. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाटी व तुराट्या, देशावर शेणी व बाभळीच्या काटक्या, कोकणात आंबा-काजूचा वाळलेला पाला व नारळाच्या झावळ्या, जे हाताशी असेल ते तिच्यात जाई. तव्यावरून उतरवलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवली जाई. चुलीच्या उजेडात रात्रीची जेवणे होत, थंडीत तिच्या उबेला मुले बसत, वर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना धुरामुळे कीड लागत नसे, आणि राखेने भांडी घासली जात. घालण्यास माती व शेण पुरे, आणि देखभाल म्हणजे रोजचे पोतेरे.

दोषही तितकेच ठळक होते. जळणातील उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते असे पुढे प्रयोगशाळांनी दाखवले. धूर घरातच कोंडे. कौलांच्या फटींतून तो हळूहळू बाहेर पडे; तोवर फुंकणी हाती घेऊन बसलेल्या बाईच्या छातीत त्याचा पुरेसा अंश गेलेला असे.

वर्धा आणि हैदराबाद

या चुलीकडे तांत्रिक प्रश्न म्हणून पाहण्याचा एक आरंभीचा प्रयत्न वर्ध्यात झाला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष बाब आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, गूळ यांवर काम सुरू होते. या उद्योगांच्या मांदियाळीत चूलही होती. मगनलाल गांधी यांच्या नावाने ओळखली जाणारी 'मगन चूल' १९४७ च्या सुमारास प्रचारात आली. बंद भट्टी, एकापुढे एक भांडी आणि शेवटी धुराडे ही तिची रचना पुढील बहुतेक सर्व भारतीय सुधारित चुलींची जननी ठरली. ग्रामोद्योगाच्या विचारात चूल ही विकासयोजनेची बाब नव्हती. ती ग्रामसफाईच्या, म्हणजे शौचालय, सांडपाणी व खतखड्डा यांच्या पंक्तीतली बाब होती. गावातच उपलब्ध मातीतून, गावातल्याच माणसाने ती घालावी, हा आग्रह त्यातूनच आला.

दुसरा प्रयत्न हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत झाला. तेथील एस. पी. राजू यांनी धूरविरहित चुलीची रचना करून १९५३ मध्ये तिच्यावर इंग्रजीत पुस्तिका प्रसिद्ध केली. लक्षावधी घरांसाठी निर्धूर स्वयंपाकघर, असा तिच्या शीर्षकाचा आशय होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला होता; त्यातील ग्रामसेविकांमार्फत या प्रकारच्या चुलींची प्रात्यक्षिके खेड्यापाड्यांत झाली. प्रात्यक्षिकाच्या पलीकडे त्या फारशा गेल्या नाहीत. धान्योत्पादन वाढवण्याच्या निकडीपुढे स्वयंपाकघर मागे पडणे त्या काळात स्वाभाविक मानले गेले.

याच दशकात एक महत्त्वाचा वैद्यकीय पुरावा पुढे आला होता. दिल्लीत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती व त्यांचे सहकारी पाठक यांनी फुप्फुसविकारातून उद्भवणाऱ्या हृदयरोगाच्या १२७ रुग्णांचा अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही हा रोग लक्षणीय प्रमाणात का आढळतो, या प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी चुलीच्या धुराकडे लक्ष वेधले. वीस-पंचवीस वर्षांनी राष्ट्रीय चूल कार्यक्रम आखला गेला तेव्हा हा पुरावा उपलब्ध होता. त्या कार्यक्रमाचा पाया मात्र त्यावर रचला गेला नाही.

जंगल वाचवणारी चूल

१९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर ऊर्जेची चर्चा सुरू झाली. एरिक एकहोम यांनी १९७५ मध्ये गरिबांचे ऊर्जासंकट म्हणजे जळाऊ लाकडाचे संकट असे मांडले, आणि ती मांडणी झपाट्याने सर्वमान्य झाली. वाढती लोकसंख्या, वाढते सरपण आणि घटते जंगल असे सरळ समीकरण तयार झाले. भारताच्या नियोजन आयोगाने नेमलेल्या जळाऊ लाकूड अभ्यास समितीचा अहवाल १९८२ मध्ये आला. त्याच वर्षी केंद्रात अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग स्थापन झाला. डिसेंबर १९८३ मध्ये सुधारित चुलींचा प्रात्यक्षिक कार्यक्रम सुरू झाला, सातव्या पंचवार्षिक योजनेत तो राष्ट्रीय कार्यक्रम बनला आणि वीस कलमी कार्यक्रमातही चुलीला स्थान मिळाले.

समीकरणातील दोष नंतर लक्षात आला. खेड्यातील बाई जे सरपण गोळा करते त्यात वाळक्या काटक्या, पिकांचे अवशेष, बांधावरच्या झाडांच्या फांद्या व शेणी यांचा वाटा मोठा असतो. त्यासाठी उभे झाड मुळापासून तोडण्याची वेळ क्वचितच येते. जंगलतोडीचा मोठा भाग शेतीविस्तार, धरणे, इमारती लाकूड आणि शहरांकडे जाणारा लाकूड-कोळसा यांच्या खात्यावर जातो. तरीही चुलीसमोर बसलेली बाई ही जंगलाची शत्रू आणि सुधारित चूल ही जंगलाची रक्षक, हे चित्र सरकारी पत्रकांतून दीर्घकाळ टिकले. यात एक अन्यायही होता. सरपणाच्या टंचाईची सर्वाधिक झळ जिला लागत होती, तिलाच टंचाईचे कारण ठरवले गेले.

या गृहीतकाचा परिणाम चुलीच्या रचनेवर झाला. कार्यक्रमाचे मुख्य माप औष्णिक कार्यक्षमता हे ठरले. मातीच्या पक्क्या चुलीसाठी वीस टक्के आणि धातूच्या सुट्या चुलीसाठी पंचवीस टक्के अशी किमान अट होती. जाळ भांड्याला अधिक लागावा म्हणून भट्टी अरुंद व बंद करण्यात आली. उष्णता भांड्यापर्यंत पोहोचवणे आणि जळण पूर्णपणे जाळणे या दोन भिन्न क्रिया आहेत. भट्टी बंद केल्याने पहिली सुधारते. हवा अपुरी पडल्यास दुसरी बिघडते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या प्रयोगशाळेतील मोजमापांत काही 'सुधारित' नमुने प्रतिकिलो सरपणामागे जुन्या चुलीपेक्षा अधिक कार्बन मोनॉक्साइड व धूलिकण सोडतात, असे आढळले. धुराडे असेल तर हा धूर घराबाहेर जाई. मात्र काजळीने नळी तुंबली, ती साफ करायला कोणी आले नाही, की सर्व धूर पुन्हा घरात.

अरुंद भट्टीची दुसरी अडचण प्रयोगशाळेत दिसण्यासारखी नव्हती. तिच्या तोंडात जाडी लाकडे मावत नाहीत, ती आधी फोडावी लागतात. आणि हे काम बहुधा त्याच बाईवर पडते. शिवाय भाकरी फुगवण्यासाठी तोंडाशी निखाऱ्यांची जागाच उरत नाही. ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात ही बाब क्षुल्लक नाही. ज्या चुलीवर भाकरी होत नाही ती चूल महाराष्ट्रातल्या घरात पाहुणी म्हणूनच राहते.

कार्यक्रमाची रचना लक्ष्यांवर आधारित होती. केंद्राने राज्याला, राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला आकडा द्यायचा. प्रशिक्षित स्वयंरोजगारी कारागिराने चुली घालायच्या. खर्चाचा मोठा भाग अनुदानातून यायचा. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते, त्यामुळे लक्ष्य गाठण्याची घाईही वर्षअखेरीस होई. कारागिराचे मानधन चूल घातली की मिळे, ती सहा महिन्यांनी पेटते आहे की नाही यावर ते अवलंबून नव्हते. छपरातून धुराड्याची नळी बाहेर काढायची म्हणजे कौले हलवणे आले किंवा गवती छपराला भोक पाडणे आले, आणि मुसळधार पावसाच्या प्रदेशात गळतीला आमंत्रण आले. अशा घरात पहिल्या पावसाळ्यानंतर नळी काढून टाकली गेली असेल तर त्याला अज्ञान म्हणणे कठीण आहे.

कार्यक्रम २००२ मध्ये केंद्राने बंद करून राज्यांकडे सोपवला. तोवर देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली घातल्याची नोंद झाली होती. त्यांपैकी किती वापरात राहिल्या याविषयी निरनिराळ्या पाहण्यांनी निरनिराळी उत्तरे दिली; मातीच्या चुलीचे आयुष्य दोन-तीन वर्षांहून अधिक नसते, हे लक्षात घेता एकूण आकड्याचा अर्थ तसाही मर्यादित होता. याच सुमारास चीनमध्ये १९८० च्या दशकात सुरू झालेल्या कार्यक्रमातून बारा कोटींहून अधिक घरांत चुली पोहोचल्या होत्या. तेथे अनुदान अल्प होते आणि कुटुंबाने स्वतः खर्च केला होता, या फरकाकडे अभ्यासकांनी वारंवार लक्ष वेधले आहे.

कार्यक्रमाच्या प्रारंभापूर्वीच एक वेगळी वाट दिसली होती. चंदीगडजवळ हरियाणातील नाडा या गावात मधु सरीन यांनी १९८० च्या सुमारास गावातील स्त्रियांबरोबर चूल घडवली. आकार, भांड्यांची उंची, तोंडाची रुंदी हे सारे स्त्रियांशी बोलून ठरले आणि त्यांच्यातल्याच काही जणी चुलीच्या मिस्त्री झाल्या. 'नाडा चूल' राष्ट्रीय कार्यक्रमाने स्वीकारली. तिचा आराखडा सर्वत्र गेला, ती घडवण्याची रीत मात्र नाडातच राहिली. बिना अगरवाल यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा अधिक मूलगामी रीतीने मांडला. चुलीचा लाभ स्त्रीला होतो, पण घरातला रोख पैसा कशावर खर्च करावा हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो. त्यामुळे चुलीचा प्रसार हा केवळ तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही. पुढील तीस वर्षांतल्या बहुतेक फसलेल्या योजनांचे निदान या एका विधानात आहे.

साच्यातून निघालेली चूल

महाराष्ट्रात घडलेला प्रयोग या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. १९९६ मध्ये पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी समुचित ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'आरती' ही संस्था स्थापन केली. (समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे हे पुत्र, आणि मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ.) राष्ट्रीय कार्यक्रमाला तांत्रिक साहाय्य देणाऱ्या केंद्राची भूमिका या संस्थेने राज्यात बजावली. तिने प्रसारात आणलेल्या चुलींत 'लक्ष्मी' ही दोन भांड्यांची, धुराड्याची चूल विशेष प्रसिद्ध झाली. भाग्यलक्ष्मी, पार्वती ही इतर नमुन्यांची नावे. राष्ट्रपुरुषांच्या परिवारातल्या नावावरून गृहदेवतांच्या नावांकडे झालेला हा प्रवास लक्षणीय आहे. चूल ग्रामोद्योगाच्या आश्रमातून बाजाराकडे निघाली होती.

या प्रयोगातील खरी नवी गोष्ट चुलीपेक्षा तिचा साचा ही होती. हाताने घातलेल्या चुलीत भट्टीची रुंदी किंवा भांड्याखालची पोकळी बोटभर इकडेतिकडे झाली तरी कार्यक्षमता बदलते. धातूचा साचा वापरला की प्रत्येक चूल सारख्या मापाची निघते. माती-सिमेंटच्या मिश्रणातून ती अंगणात ओतता येते, वाळवता येते, बैलगाडीत किंवा टेम्पोत घालून आठवडे बाजारात नेता येते. साचा एकदा घेतला की कारागिराला प्रत्येक चुलीसाठी गिऱ्हाइकाच्या घरी दिवस मोडावा लागत नाही.

हे साचे हाती घेणाऱ्यांत कुंभार कुटुंबे होती, आणि येथे चुलीचा इतिहास महाराष्ट्राच्या ग्रामरचनेच्या इतिहासाला येऊन मिळतो. कुंभार हा बलुतेदार. मडकी, रांजण, पणत्या आणि सुट्या चुली यांच्या बदल्यात त्याला खळ्यावर धान्य मिळे. बलुते मोडले; पितळ, अ‍ॅल्युमिनियम, स्टील व शेवटी प्लास्टिक यांनी मडक्याची जागा घेतली; विटा किंवा गणपतीच्या मूर्ती करणारे काही तगले, इतर शेतमजुरीकडे वळले. साच्याच्या चुलीने या कारागिराला त्याच्या जुन्याच मालाचे नवे रूप दिले. शिवाय बलुत्याच्या व्यवस्थेतील एक गुण नकळत परत आला. वस्तू करणारा माणूस गावातला किंवा पंचक्रोशीतला होता. चुलीला तडा गेला, जाळ मागे येऊ लागला तर तक्रार कोणाकडे करायची हे बाईला ठाऊक होते. लक्ष्य पुरे करून गेलेला प्रशिक्षित कारागीर पुन्हा कोठे भेटणार?

२००२ नंतर केंद्रीय अनुदान थांबले तेव्हा महाराष्ट्रातील हे काम एकदम बंद पडले नाही. परदेशी प्रतिष्ठानाच्या साहाय्याने ग्रामीण उत्पादकांना विक्री, हिशेब व जाहिरात यांचे प्रशिक्षण देण्यात आले आणि चुली पूर्ण किमतीला विकण्याचा प्रयत्न झाला. जागतिक बँकेच्या वतीने त्या सुमारास सहा राज्यांतील चूल कार्यक्रमांचा अभ्यास झाला, त्यात महाराष्ट्राचा समावेश होता. उत्पादकाला व्यवसाय म्हणून उभे करण्याचा येथील प्रयत्न त्यात इतरांपासून वेगळा ठरला. जळणाच्या बाजूनेही काम झाले. उसाची तोड झाल्यावर शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी 'आरती'ला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पश्चिम महाराष्ट्रात पाचट पेटल्यावर उठणारा धूर ज्याने पाहिला आहे त्याला या कल्पनेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

या यशाला मर्यादाही होत्या. पूर्ण किंमत देऊ शकणारे कुटुंब गावात सर्वांत गरीब नसते. ज्या घरात सरपण विकत घ्यावे लागते तेथे चुलीवरचा खर्च काही महिन्यांत भरून निघतो. जेथे सरपण बाईच्या श्रमाने 'फुकट' येते तेथे घरातल्या पुरुषाला बचत दिसतच नाही. भूमिहीन मजुराची झोपडी, डोंगरातला पाडा, भटक्यांची पाले येथे ही चूल क्वचितच पोहोचली. बाजाराने कारागिराला उभे केले, पण बाजाराच्या बाहेर असलेल्या बाईपर्यंत तो गेला नाही.

धुराचे माप

धूर मोजण्याची सुरुवात खऱ्या अर्थाने गुजरातेत झाली. कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी तेथील चार गावांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मोजणीयंत्रे बसवली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्वयंपाकाच्या वेळी त्यांच्या श्वासातील हवेत धूलिकणांचे प्रमाण प्रतिघनमीटर सुमारे सात मिलिग्रॅम आढळले. कोणत्याही औद्योगिक शहराच्या रस्त्यावर इतकी दूषित हवा त्या काळी अकल्पनीय होती. हळूहळू जागतिक आरोग्य संघटनेने हा विषय उचलला. २००२ च्या जागतिक आरोग्य अहवालात घरातील धुराची गणना प्रमुख आरोग्यधोक्यांत झाली.

माप आरोग्याचे झाल्यावर सुधारित चुलीची परीक्षा अधिक कठोर झाली. ग्वाटेमालातील धुराड्याच्या चुलींच्या प्रयोगात मुलांच्या श्वासातील कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला, परंतु न्यूमोनियाचे एकूण प्रमाण संख्याशास्त्रीयदृष्ट्या निश्चित म्हणावे इतके घटले नाही. गंभीर आजारातच घट स्पष्ट दिसली. धूर अर्धा झाला म्हणून रोग अर्धा होत नाही. बऱ्याच उच्च पातळीवरून थोडे खाली आल्याने शरीराला मिळणारा दिलासा अल्प असतो, हे या संशोधनाचे सार. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांनी स्वस्त मातीच्या चुलींचा चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी धूर थोडा कमी झाला. पुढे चुली अनियमितपणे वापरल्या गेल्या, देखभाल झाली नाही, आणि आरोग्यावर वा सरपणावर टिकाऊ परिणाम दिसला नाही. हा निष्कर्ष सुधारित चुलीविरुद्धचा अंतिम निकाल म्हणून उद्धृत केला जातो. तो प्रत्यक्षात देखभालीविना सोडलेल्या चुलीचा निकाल आहे, आणि साच्याच्या चुलीचा कुंभार ज्या उणिवेवर उपाय होता ती उणीव त्यातून पुन्हा सिद्ध होते.

२००६ मध्ये बीपी या तेलकंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर आधारलेली 'ऊर्जा' ही पंख्याची चूल बाजारात आणली. तिच्यात शेतकचऱ्याच्या कांड्या जळत आणि धूर खरोखरच अत्यल्प होता. महाराष्ट्रासह दक्षिणेकडील राज्यांत चार लाखांच्या आसपास चुली विकल्या गेल्या. २००९ पासून पुण्यातील कंपनीने हा व्यवसाय चालवला. कच्च्या मालाला कारखान्यांकडून मागणी वाढली, कांड्यांचे भाव चढले, आणि काही वर्षांतच बहुतेक घरांतल्या चुली माळ्यावर गेल्या. बांधावरून येणाऱ्या सरपणाच्या जागी दुकानातून येणारे इंधन स्वीकारणाऱ्या कुटुंबाला त्या इंधनाच्या भावावर कसलेही नियंत्रण नव्हते. केंद्र शासनाने डिसेंबर २००९ मध्ये जैवभार चुलींसाठी नवा राष्ट्रीय उपक्रम आणि २०१४ मध्ये उन्नत चूल अभियान जाहीर केले. त्यांचा प्रभाव मर्यादित राहिला.

याच काळात चुलीला एक नवे माप लागले, ते कार्बन क्रेडिटचे. जितके सरपण वाचले तितके उत्सर्जन टळले असे मानून त्या बचतीची जागतिक बाजारात विक्री होऊ लागली. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तपासलेल्या चूल प्रकल्पांनी प्रत्यक्षाच्या सुमारे नऊपट क्रेडिट मिळवल्याचा अंदाज वर्तवला. वाटलेली चूल वापरली जातेच, आणि जुनी चूल त्याच दिवशी विझते, ही दोन गृहीतके या फुगवट्याच्या मुळाशी होती. १९८५ च्या लक्ष्यपूर्तीच्या तक्त्यांशी त्यांचे साम्य नजरेतून सुटत नाही.

सिलिंडर आल्यानंतर

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि चूल सुधारण्याऐवजी ती बदलण्याचे धोरण आले. जोडणी घरातील स्त्रीच्या नावाने देण्याची अट ही बिना अगरवाल यांच्या जुन्या आक्षेपाची, उशिरा का होईना, घेतलेली दखल म्हणता येईल. आठ कोटींचे लक्ष्य ७ सप्टेंबर २०१९ रोजी, औरंगाबाद येथील महिला बचतगटांच्या मेळाव्यात आठ कोटीवी जोडणी देऊन पूर्ण झाले. पुढील टप्प्यांत ही संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. ग्रामीण भागातील प्रमाण मात्र ४३.२ टक्केच होते. इतक्या अल्पावधीत झालेला हा बदल पूर्वीच्या कोणत्याही चूल कार्यक्रमाला साधला नव्हता, हे नि:संकोचपणे मान्य केले पाहिजे.

वापराचा प्रश्न याही योजनेला सुटला नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालानुसार, ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत एक वर्ष पूर्ण केलेल्या ३.१८ कोटी लाभार्थ्यांनी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेतले होते. शासनाच्या पुढील आकडेवारीत ही सरासरी २०१९-२० मध्ये ३.०१ आणि २०२३-२४ मध्ये ३.९५ होती. पाच माणसांच्या कुटुंबाचा सर्व स्वयंपाक एवढ्या गॅसवर वर्षभर होत नाही. मे २०२२ पासून सिलिंडरमागे दोनशे आणि ऑक्टोबर २०२३ पासून तीनशे रुपयांचे अनुदान देण्यात आले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची योजना आणली. सरासरी वाढली ती भाव खाली आल्यावर, यावरून बाईचे माप कोणत्या बाजूला झुकते ते दिसते.

उरलेली दरी चूलच भरून काढते. गॅसवर सकाळचा चहा, मुलांच्या शाळेच्या वेळची भाजी, पाहुण्याचे पोहे. चुलीवर भाकरी, कडधान्य, जनावरांचे आंबोण आणि अंघोळीचे पाणी, अशी कामांची वाटणी आज असंख्य घरांत झाली आहे. ती आळसातून किंवा जुन्याच्या मोहातून झालेली नाही. जे काम थोड्या वेळात उरकते ते महागड्या इंधनावर आणि ज्याला दीर्घ आच लागते ते फुकटच्या सरपणावर, असा हा काटेकोर हिशेब आहे. दीर्घ आचेचे काम म्हणजेच धुराच्या सहवासाचा दीर्घ काळ, हे मात्र त्या हिशेबात बसत नाही.

आजच्या पाहण्यांची रचना ही वाटणी टिपण्यासाठी झालेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरातील स्वयंपाकाचे मुख्य इंधन कोणते असे विचारले जाते आणि एकच उत्तर नोंदले जाते; २०११ च्या जनगणनेनेही तसेच विचारले होते. 'गॅस' असे उत्तर देणारे घर स्वच्छ इंधनाच्या रकान्यात जाते, मग त्याच घरात संध्याकाळी चूल पेटत असली तरीही. परसातली न्हाणीची चूल तर स्वयंपाकाच्या प्रश्नात येतच नाही. तिच्यासाठी लागणारे सरपण अजूनही बांधावरून येते, आणि बहुतेक घरांत त्याचा भारा बाईच्याच डोक्यावर असतो.